चाकं दोन बोटं बाहेर

लालबागच्या चाळीत शेजारच्याच खोलीत लहानाचा मोठा झालेला दीपेश गॅरेजवाला जे सांगेल, ती संदेशसाठी काळ्या दगडावरची रेघ. गणपतीच्या तोंडावर त्यानेच संदेशच्या गाडीच्या चाकांमागे स्पेसरच्या जाड चकत्या बसवल्या. चारही चाकं दोन-दोन बोटं बाहेर आली आणि जुनी गाडी एकदम ऐटीत उभी राहिली.

"पण दीप्या, बेअरिंगवर लोड येतो म्हणतात. बोल्ट पण ढिले होतात म्हणे," संदेशने विचारलं.

"मोबाईलवर बघून मला शिकवतोस काय रे? डोळे झाकून चालव. वळणावर कशी चिकटून जाते बघ!"

संदेश निर्धास्त झाला. दरवर्षी दोघं मित्र बायका-पोरांसकट याच गाडीतून कणकवलीला जायचे. निघायच्या आदल्या दिवशी, सामान आधीच गाडीत भरून ठेवावं म्हणून, तो शेजारी दीपेशकडे त्यांच्या बॅगा घ्यायला गेला. दार दीपेशच्या बायकोने उघडलं.



"हे बोलले नाहीत तुम्हाला, भावजी? आम्ही यंदा एसटीने चाललोय. हे म्हणाले, तसली चाकं लावलेल्या गाडीत घाटातून आपली पोरं न्यायची नाहीत."