आईच्या गाण्याची चौथी प्रत

सीडी संगणकावर उतरवताना मी प्रत्येक गाणं दोनदा उतरवतो आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तरच ठेवतो. बायकोच्या मते हे दुखणं आहे आणि त्यावर औषध नाही.

चारशे सीडी जुळल्या. आईची जुळेना.

आई गेल्यावर तिच्या आवाजाची तेवढी एकच सीडी उरली होती. घरीच गायलेलं गाणं, शेवटच्या कडव्याआधी ठसका, की संपलं. तीन मिनिटं बारा सेकंद. दुसरी प्रत आठ सेकंदांनी मोठी निघाली. ठसक्यानंतर आई पाणी पीत होती.

मी ड्राइव्हला शिव्या घातल्या, सीडी पुसली आणि तिसरी प्रत काढली. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला आणि आईने शेवटचं कडवं उचललं.

मी ताईला बोलावून घेतलं. रेकॉर्डिंगच्या वेळी ती परदेशात होती.

"पूर्ण म्हणते का रे?"

"अर्ध्यात थांबते."

"मग बघतोस काय? पुन्हा लाव."

"ताई, सीडी जुनी झालीये. गेली तर कायमची जाईल."

"लाव म्हणते ना!"

चौथ्या प्रतीत आईने कडवं पूर्ण केलं. शेवटचा सूर असा लागला, की माझ्यासारख्या टवाळानेही कानाची पाळी धरली. ताई तोंड दाबून हुंदके देत होती.

गाणं संपलं, तरी पडद्यावरचे सेकंद पुढे सरकतच होते. मग माइकच्या अगदी जवळ येऊन आई हळूच म्हणाली, "तायडे, रडू नको गं. इकडे ऐकू येतंय."