हलकी गाडी

"बिनरस्त्याच्या वाडीत सोयरीक कोण करणार?" म्हणत विनीत नम्रताला न बघताच अर्ध्या उतारावरून परत फिरला होता. तोच विनीत आता रानवाटा तुडवायला हलकी, भरवशाची जुनी मोटरसायकल शोधत हातखंब्याला तिच्याच गॅरेजवर आला. त्यानं थंड इंजिनाला किक मारून बघितली, चेन हलवून बघितली. विकणारीला मात्र ओळखणार कसा?

"ट्रायलला जरा रस्ता नसलेली जागा सांगा," तो म्हणाला.

"आमची वाडी आहे ना खाली. जाऊन या."

थोड्या वेळानं खालून त्याचा फोन आला. "अहो, पेट्रोल संपलं!"



"उतरण्यापुरतंच ठेवलेलं. गाडी हलकी आहे, ढकलत आणा. त्याआधी आमच्या घरी पोहे खाऊन घ्या, त्या दिवशीचे राहिलेत."