दोन हिरवे दिवे

चौतीस वर्षं रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेल्या आबांच्या पोटात दुखायला लागलं ते शेजारच्या दातांच्या डॉक्टरांमुळे. डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलाएवढ्या फळीवर अख्खं स्टेशन उभारलं होतं. बोटभर डबे, काड्यांचा पूल, मिणमिणते सिग्नल. येणारा-जाणारा तोंडात बोट घालायचा.

"जन्म काढलात तुम्ही रेल्वेत," आबांची बायको एकदा बोलून गेली, "आणि घरात गाडी पळवली ती त्यांनी!"

ते आबांच्या जिव्हारी लागलं.

काम संपत आलं तेव्हा डॉक्टरांनी आबांना हाताला धरून नेलं. "तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी हे पुरं झालं म्हणणार नाही. काही चुकलंय का?"

आबांना चूक तेव्हाच दिसली. एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन्ही गाड्यांना हिरवा दिवा होता.

"छे, बिनचूक!" ते म्हणाले. "बोट ठेवायला जागा नाही."

त्या दिवशी त्यांना दोन घास जास्तच गेले.

महिन्याभराने शहरातल्या प्रदर्शनात ते स्टेशन मांडलं गेलं. आबा फजिती पाहायला मुद्दाम गेले. रेल्वेतली जुनी मंडळी फळीभोवती जमून खुसखुसत होती. आबा खुशीत गर्दीतून पुढे सरकले.

फळीपुढे डॉक्टरांनी सुरेख अक्षरात पाटी लावली होती. 'सिग्नल तपासणी आणि मार्गदर्शन' असं लिहून खाली आबांचं पूर्ण नाव. आणि आबांचे जुने स्टेशनमास्तर चष्मा पुसून ती पाटी पुन्हा वाचत होते.