जरा हळू वाजव

"अरे, रडवायचंय तिला, झोपवायचं नाही!" दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडला, तसा नेल्सने व्हायोलिनचा गज जोरात ओढला.

शिकागोच्या त्या स्टुडिओत एकाच छपराखाली तीन-तीन चित्रपट चालायचे. शेजारी सुतारांची ठोकाठोक, पलीकडे चोर-शिपायांची धावपळ. मूकपटात आवाजाला विचारतो कोण? फक्त नटांना रंग चढावा म्हणून नेल्स कॅमेऱ्याला चिकटून वाजवत उभा असायचा.

समोर नायिका हॅटी नायकाच्या, म्हणजे ग्रोव्हरच्या, गळ्यात पडली होती. त्याच्या खांद्यावरून कॅमेऱ्याकडे बघत काहीबाही पुटपुटत होती. संवाद कुणालाच नसत. तोंडाला येईल ते बोलायचं. ग्रोव्हर तर प्रेमाच्या प्रसंगात चावणाऱ्या बुटाबद्दल बोलायचा. पण हॅटीचे डोळे खरेखुरे भरून आले होते. नेल्सचा जीव जडला होता तिच्यावर, आणि तिच्या नि ग्रोव्हरच्या प्रेमाला सूर पुरवायचे त्यानेच! काय पण नशीब!

दृश्य संपलं. ग्रोव्हर कोटाला लोंबकळणारं कुत्रं सोडवून घाम पुसत आला. "सगळी कंपनी कॅलिफोर्नियाला निघालीय. येतोयस ना?"

"बघू."

"बघू काय, बघू! आणि राजा, जरा हळू वाजवत जा रे."

"का? तुला त्रास होतो?"

"मला कसला? मला सगळं ऐकू येतं," ग्रोव्हर हसत निघून गेला.

हॅटीनेही दारात विचारलं, "येशील ना, नेल्स?"

"आईला कोण बघणार?" तो म्हणाला.

"हो, तेही खरंच," म्हणत ती हातमोजे चढवत राहिली.

आईची सबब शुद्ध खोटी होती. तापात कान गेले तरी म्हातारी खमकी. समोरच्याच्या ओठांवरून सगळं ओळखायची, खाटकाशीही भांडून यायची. पण हॅटीला रोज दुसऱ्याच्या मिठीत बघायचं, तेही परमुलखात? नको रे बाबा. कंपनी गेली, नेल्स राहिला.

हिवाळ्यात तो चित्रपट गल्लीतल्या थिएटरात लागला. नेल्स नाही नाही म्हणत होता, आईने ओढून नेलं. "एवढी एकच जागा आहे बाबा, जिथं सगळेच माझ्यासारखे," ती नेहमी म्हणायची.

ते दृश्य आलं. ग्रोव्हरच्या कोटाला मागून कुत्रं लोंबकळत होतं, लोक खो-खो हसत होते. हॅटी त्याच्या खांद्यावरून बघत होती, तशीच, भरल्या डोळ्यांनी. नेल्सने मान खाली घातली. इतक्या महिन्यांनीही त्याला ते बघवेना.

आई मात्र हसत नव्हती. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"ही पोरगी त्याच्याशी बोलतच नाहीये रे," ती म्हणाली. "ती म्हणतेय, 'नेल्स, ठेव ना ते व्हायोलिन खाली. तुलाच सांगतेय मी.'"