उन्हाचं यंत्र

डोंगरकडा गावच्या माणिकरावांना जावयानं पुण्याहून एक यंत्र आणून दिलं. झाडाच्या मातीत खोचायचं. माथ्यावरच्या बटणाएवढ्या काचेवर ऊन पडलं की तबकडीवरचा काटा 'अंधार'कडून 'उजेड'कडं सरकायचा. ना सेल, ना लाईट, म्हणजे लोडशेडिंगचाही बहाणा नाही. तुळशीत खोचलं त्या दिवशी काटा बराबर सरकला. दुसऱ्या सकाळपासून मात्र तो अंधारात जाऊन बसला, काही केल्या हलेना.

माणिकरावांची नजर कुंपणापलीकडच्या लिंबाकडं गेली.

"त्या ग्यानबानं रातीतून फांदी इकडं ओढून बांधली असंल. आपली तुळस त्याच्या डोळ्यात खुपून राहिली."

"आवो, तुळस तर हिरवीगार हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "काहून भांडण उकरून काढता?"

"तू गप. माणूस लबाड बोलंल, यंत्र न्हाई."

धुसफूस इतकी वाढली की दोन्ही घरांची विरजणाची देवघेवही बंद पडली. शेवटी ग्यानबानं कुऱ्हाड काढली आणि जिच्या सावलीत त्याची म्हातारी आई बसायची, तीच फांदी मुकाट्यानं तोडली. माणिकरावांच्या अंगणभर लख्ख ऊन पसरलं.

काटा अंधारातच. माणिकराव आता मागच्या दुमजली घराकडं डोळे बारीक करून बघू लागले.



तेवढ्यात मंजुळाबाई न्हाऊन आल्या, त्यांनी तुळशीला हळद-कुंकू वाहिलं आणि यंत्र खोचल्याच्या दुसऱ्या सकाळपासूनच्या नेमानं त्याच्या माथ्यावरच्या काचेलाही ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं.