शेवटच्या रांगेचा वारा

"आता ब्लाउज शिवणाऱ्या बाईने हवेचे डक्ट करायचे!" शिडी धरून उभा असलेला मिस्त्री पुटपुटला, शिडीवरच्या शालनताईंना ऐकू जाईल एवढ्याच हळू. त्या शेवटच्या रांगेवर वारा सोडणाऱ्या जाळीला एक चिंधी बांधत राहिल्या.

नाट्यगृहाच्या छताखाली भलामोठा बीम आडवा होता आणि इंजिनिअर साहेबांच्या नकाशात पत्र्याचा डक्ट सरळ त्याच्या आरपार गेला होता. तो तसा बसणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. पण साहेबांपुढे कुणी पत्र्याला नावं ठेवी, कुणी शालनताईंना. आज इथवर वारा पोचला नाही, तर शालनताईंचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

वाद घालणं त्यांना कधी जमलं नव्हतं, बेतणं जमे. काल त्यांनी वर्तमानपत्र अंथरून बाही बेततात तसा डक्ट बेतला होता, मुंढ्याला ठेवतात तसं वळणावर सैल ठेवलं होतं आणि पत्रा कापून तो बीमखालून अलगद वळवला होता.

"लावा पंखा," चिंधीची गाठ आवळून त्या म्हणाल्या.

घरघर सुरू झाली. चिंधी लोंबतच राहिली. मिस्त्री खाली बघू लागला. मग ती थरथरली, उचलली गेली आणि वरातीतल्या करवलीसारखी नाचू लागली.

मिस्त्रीने टाळ्याच पिटल्या.

"अहो, शिडी धरा आधी!"

साहेब शेवटच्या खुर्चीत येऊन बसले. कपाळावरचा घाम त्यांनी वाऱ्यावर वाळू दिला.

"शालनताई," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "नकाशा माझाच चुकला होता."