जाम झालेला पंखा

लॅपटॉपने ऐन प्रोजेक्टच्या मध्येच पुन्हा मान टाकली, तेव्हा टिकलीने ठरवून टाकलं: दुरुस्ती आता बास, नवाच घ्यायचा. प्रोजेक्ट परवा द्यायचा होता आणि त्या डबड्याच्या सततच्या घरघरीने तिचं डोकं उठलं होतं.

"सातच तर वर्षं झालीत," तरीही तिला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन आलेली आई म्हणाली. "जुनं झालं की टाक. उद्या मलाही बदलशील."

"तू हँग होत नाहीस गं."

दुरुस्तीवाल्याने हसत मागचं झाकण उघडलं. आधी बॅटरी काढून ठेवली, मग पंखा. "हा तर पार जाम झालाय. कित्येक महिने फिरलेलाच नाही."

घरघर चालूच होती.

"अहो, बंद करा ना ते," आई वैतागली.

"बंदच आहे, ताई." त्याने लॅपटॉपला कान लावला. मग दुकानातलं एकेक यंत्र बंद केलं. घरघर तशीच.

नीट ऐकू यावं म्हणून टिकलीने श्वास रोखला.

घरघर थांबली.

"झाला बघ दुरुस्त," आई म्हणाली आणि पर्स उचलून निघालीसुद्धा.

दुरुस्तीवाला मात्र टिकलीकडे पाहत राहिला. तिच्या छातीत आग पडली होती, पण श्वास घ्यायची तिची हिंमत होत नव्हती.